अस्सलपणाचा निकष आणि पुनरावृत्ती

यूट्यूबच्या भागीदार योजनेतील ‘पुनरावृत्त आशय’ ही संज्ञा जुलै २०२५ मध्ये बदलून तिच्या जागी ‘अस्सल नसलेला आशय’ अशी संज्ञा आली. पुनरावृत्ती संहितेतच दाखवता येते. अस्सलपणा हा मात्र निर्मात्याच्या संहितेशी असलेल्या नात्याविषयीचा दावा आहे. कसोटी मात्र जुनीच राहिली. आरंभ-समारोप तेच चालतात, गाभा चित्रफितीगणिक वेगळा हवा. साच्यातून घाऊक काढलेल्या चित्रफिती रोखण्याचा हेतू रास्तच. पण त्यासाठी नवसमीक्षेने अमान्य केलेली रूप-आशयाची फारकत येथे उत्पन्नाच्या हक्काची अट होऊन परतते. नारदीय कीर्तनाचा उत्तररंग या कसोटीवर टिकणे अवघड. तेच आख्यान वर्षानुवर्षे लावले जाते, श्रोत्यांना कथा ठाऊक असते आणि कीर्तनकाराचे कर्तृत्व त्या सांगण्यातच प्रतीत होते. दुसऱ्याच्या चित्रणावर स्वतःचे भाष्य जोडणाऱ्यास मात्र हेच धोरण (परवानगीचा प्रश्न वेगळा) निर्माता मानते. म्हणजे टीकाकाराचे कर्तृत्व त्याला दिसते, आख्यानकाराचे दिसत नाही. २०१८ मध्ये आलेली १,००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४,००० तासांच्या प्रेक्षणाची अट निदान वाङ्मयीन मूल्याचा आव तरी आणत नव्हती.