कोणाला काय सोडावं लागेल? : अमेरिकेतल्या नव्या पक्षाचा जाहीरनामा



तुमच्यापैकी अनेकांच्या घरातलं कोणी ना कोणी अमेरिकेत आहे. त्यांतले काही आता तिथले नागरिक झालेत, मत देतात. निवडणुकीच्या सुमारास त्यांच्याशी बोलणं झालं, तर एक वाक्य हमखास कानावर येतं : दोघंही नको वाटतात, पण तिसऱ्याला दिलं तर मत फुकट जातं.

हे वाक्य खोटं पाडायला तिथे दर काही वर्षांनी एक नवा पक्ष निघतो. २०१२ च्या निवडणुकीआधी 'अमेरिकन्स इलेक्ट' निघाला. त्याने बऱ्याच राज्यांत मतपत्रिकेवर जागा मिळवली, आणि अटी पुऱ्या करणारा उमेदवारच मिळेना म्हणून गाशा गुंडाळला. २०२२ मध्ये अँड्र्यू यांग यांच्या 'फॉरवर्ड'मध्ये आणखी दोन गट येऊन मिळाले. 'नो लेबल्स'वाल्यांनी २०२४ साठी मोठी तयारी केली आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये माघार घेतली. जुलै २०२५ मध्ये इलॉन मस्क यांनी 'अमेरिका पार्टी'ची घोषणा केली. प्रत्येकाची भाषा थोडी वेगळी, पण गाभा एकच : दोन पक्षांनी देश फाडलाय, आम्ही तो जोडणार.

आज मला या पक्षांच्या माणसांबद्दल बोलायचं नाही. त्यांच्या जाहीरनाम्यांबद्दल बोलायचं आहे. जाहीरनामा हाही एक लेखनप्रकार आहे. त्याचीही समीक्षा करता येते, करायला हवी. आणि शेवटी, नुसती नावं ठेवून उठायचं नाही म्हणून, असा पक्ष खरोखर काढायचा तर त्याच्या जाहीरनाम्यात काय असावं, तेही सांगणार आहे.

पहिला नमुना जुना आहे. मे १८६०, बाल्टिमोर शहर. देश गुलामगिरीच्या प्रश्नावर फुटायला आलेला. अशा वेळी काही ज्येष्ठ, सभ्य, अनुभवी मंडळी एकत्र आली आणि त्यांनी 'कॉन्स्टिट्यूशनल युनियन पार्टी' स्थापन केली. नावातच राज्यघटना आणि एकी. त्यांचा जाहीरनामा अगदी छोटा आहे. पक्षांचे जाहीरनामे लोकांची दिशाभूल करतात, असं त्यात आधी म्हटलंय. मग सांगितलंय, की राज्यघटना, राज्यांचा संघ आणि कायद्याची अंमलबजावणी याखेरीज आम्ही कोणतंच तत्त्व मानत नाही. संपलं. गुलामगिरीबद्दल एक शब्द नाही.

आता हे वाचताना प्रथमदर्शनी छान वाटतं. घटना, ऐक्य, कायदा. याला कोण नाही म्हणणार? पण त्या वेळी देशात जवळपास ४० लाख माणसं गुलाम होती. पळून आलेला गुलाम मालकाला परत द्यायचा, हे घटनेतच लिहिलेलं होतं आणि त्यासाठी कायदाही होता. म्हणजे 'कायद्याची अंमलबजावणी' या निरुपद्रवी शब्दांचा अर्थ त्या ४० लाखांसाठी अगदी ठरलेला होता. जाहीरनामा गप्प बसला, तरी त्याने बाजू घेतलीच होती.

पुढे काय झालं? त्यांचे उमेदवार जॉन बेल यांना व्हर्जिनिया, केंटकी आणि टेनेसी ही तीन राज्यं मिळाली, निर्वाचक मंडळातली ३९ मतं मिळाली. लिंकन निवडून आले. एप्रिल १८६१ मध्ये यादवी युद्ध पेटलं. व्हर्जिनिया आणि टेनेसी फुटून निघाली, आणि ऐक्याचे उमेदवार बेल स्वतः फुटणाऱ्यांच्या बाजूला गेले. याउलट लिंकन यांचा रिपब्लिकन पक्ष. तोही नवाच, १८५४ चा. त्याने 'सगळ्यांना जोडतो' असं म्हटलं नव्हतं. नव्या प्रदेशांत गुलामगिरी पसरू देणार नाही, असं म्हटलं होतं. तेवढ्या एका वाक्यावर माणसं गोळा झाली. गेल्या पावणेदोनशे वर्षांत अमेरिकेत नवा पक्ष निघून तो खरोखर टिकला आणि सत्तेवर आला, असं हे एकच उदाहरण आहे.

हे मी आजच्या पक्षांना १८६० शी जोडून भीती घालण्यासाठी सांगत नाही. दाखवायचं ते एवढंच, की ही लिहिण्याची पद्धत जुनी आहे. 'फॉरवर्ड'ने २०२२ मध्ये जी तीन सूत्रं मांडली, ती मराठीत सांगायची तर : मोकळी माणसं, भरभराटलेल्या वस्त्या, जिवंत लोकशाही. सविस्तर धोरणं वरून लादायची नाहीत, ती खालून ठरतील, अशी त्यांची भूमिका. एक गोष्ट मात्र त्यांच्या पदरात टाकली पाहिजे : निवडणुकीचे नियम बदला, हे त्यांनी ठामपणे म्हटलंय. त्याकडे मी येतोच. पण बाकीच्या मजकुराला मी माझी नेहमीची कसोटी लावतो. हे वाचून कोणाला राग येईल? कोणाच्या खिशातून काय जाईल? उत्तर 'कोणाच्याच नाही' असं असेल, तर तो जाहीरनामा नाही, ते शुभेच्छापत्र आहे. (हशा)

आता दुसरा नमुना. ४ जुलै १८९२, नेब्रास्कातलं ओमाहा. कर्जाखाली दबलेले शेतकरी आणि काही कामगार संघटना यांनी 'पीपल्स पार्टी'चा जाहीरनामा मंजूर केला. त्यात काय आहे? जास्त मिळकतीवर चढता प्राप्तिकर. रेल्वे सरकारच्या मालकीची. पोस्टात बचत बँक. सिनेटर थेट लोकांनी निवडायचे. तेव्हा ते राज्यांची विधिमंडळं निवडत. गुप्त मतदान. आणि शेतकऱ्यांनी धान्य, कापूस सरकारी गोदामात ठेवायचा आणि त्याच्यावर नाममात्र व्याजाने उचल घ्यायची. आपल्याकडे बाजार समितीत शेतमाल तारण कर्ज मिळतं ना, त्याच धर्तीची मागणी. काढणीच्या वेळी भाव पडलेले असताना विकावं लागू नये, हा हेतू दोन्हीकडे तोच.

वाचताक्षणी कळतं, की रेल्वे कंपन्यांना, बँकांना, धनिकांना याचा राग येणार. आणि म्हणूनच कॅन्ससचा गहूवाला आणि जॉर्जियाचा कापूसवाला एका कागदाखाली सही करू शकले. त्यांच्या उमेदवाराला, जेम्स वीव्हर यांना, दहा लाखांवर मतं आणि निर्वाचक मंडळात २२ मतं मिळाली. १८९६ मध्ये त्यांनी डेमोक्रॅट पक्षाचाच उमेदवार, विल्यम जेनिंग्ज ब्रायन, आपला म्हणून स्वीकारला आणि पक्ष विरघळला. पण १९१३ मध्ये सोळावी आणि सतरावी घटनादुरुस्ती झाली : प्राप्तिकर आला, सिनेटरची थेट निवडणूक आली. पक्ष गेला, कलमं राहिली.

याही जाहीरनाम्यात खोट आहे, ती झाकून चालणार नाही. त्याच्या सोबतच्या ठरावांत परदेशातून येणाऱ्या मजुरांवर बंधनं मागितलीत. आणि काळ्या शेतकऱ्याच्या मताला दक्षिणेत जे धोके होते, त्यांच्याबद्दल पुरेसं काही नाही. जॉर्जियाचे टॉम वॉटसन त्या काळात काळ्या आणि गोऱ्या कुळांना सांगत, की तुम्हाला भांडवून कोणी तिसराच लुटतोय. तेच वॉटसन पुढे वर्णद्वेषाचे कडवे प्रचारक झाले. पोटाच्या प्रश्नावरची एकी खरी असते, पण माणूस म्हणून बरोबरीचा प्रश्न तिने बाजूला ठेवला, तर ती त्याच जागी फुटते.

बरं, आज असे प्रश्न आहेत का, ज्यांवर दोन्हीकडचे लोक एकत्र येतील? आहेत, आणि त्यांचा पुरावा मतपेटीतच आहे. अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत लोक थेट एखाद्या प्रश्नावर मत देऊ शकतात. २०२० मध्ये फ्लोरिडात ट्रम्प जिंकले. त्याच दिवशी, त्याच मतपत्रिकेवर, किमान वेतन टप्प्याटप्प्याने ताशी १५ डॉलर करण्याचा प्रस्ताव ६० टक्क्यांहून जास्त मतांनी मंजूर झाला. गरिबांसाठीची 'मेडिकेड' ही आरोग्य योजना वाढवायला आयडाहो, युटा, नेब्रास्का, ओक्लाहोमा, मिझुरी या रिपब्लिकन बालेकिल्ल्यांतल्या मतदारांनी २०१८ ते २०२० दरम्यान होकार दिला. फ्लोरिडातच २०१८ मध्ये शिक्षा भोगून झालेल्या बहुतेक माणसांना मताचा हक्क परत देण्याचा प्रस्ताव सुमारे ६४ टक्क्यांनी मंजूर झाला. ऑगस्ट २०२२ मध्ये कॅन्ससने राज्यघटनेतलं गर्भपाताच्या हक्काचं संरक्षण काढायला नकार दिला.

म्हणजे प्रश्नाला पक्षाचा रंग लागला नाही, की लोक वेगळं मत देतात. मग हेच लोक उमेदवार निवडताना ठराविक दोन खणांत का जातात?

कारण नियम. एका मतदारसंघात एकच जागा, सर्वांत जास्त मतं त्याची. तिसरा उभा राहिला, की तो निवडून येत नाही, कोणाची तरी मतं खातो. २००० साली फ्लोरिडात बुश ५३७ मतांनी जिंकले; तिथे राल्फ नेडर यांना ९७ हजारांवर मतं होती. १९९२ मध्ये रॉस पेरो यांना देशभरात जवळपास १९ टक्के मतं मिळाली आणि निर्वाचक मंडळात शून्य. आणि समजा, तिघांत विभागणी होऊन कोणालाच २७० मतं मिळाली नाहीत, तर राष्ट्राध्यक्ष प्रतिनिधीगृह निवडतं, प्रत्येक राज्याला एक मत. त्या सभागृहात नव्या पक्षाचं कोणी नसेल, तर सगळा खटाटोप कोणासाठी?

तर आता माझा प्रस्ताव. पाच कलमं.

पहिलं कलम : राष्ट्राध्यक्षपदाला हात लावायचा नाही, निदान पहिली दहा वर्षं. शाळा मंडळं, नगरपालिका, राज्यांची विधिमंडळं इथून सुरुवात. यात प्रसिद्धी कमी आहे, त्यामुळे धनिक देणगीदारांना हे कलम सर्वांत जास्त खुपेल. खुपू दे.

दुसरं : प्रतिनिधीगृहासाठी तीन ते पाच जागांचे मतदारसंघ आणि मतांच्या प्रमाणात जागा. एक मतदारसंघ, एक जागा हे घटनेत लिहिलेलं नाही. १९६७ च्या साध्या कायद्यात आहे, आणि साध्या कायद्याने बदलता येतं. हे परकंही नाही. इलिनॉय राज्याच्या कनिष्ठ सभागृहात १८७० पासून १९८० पर्यंत तीन जागांचे मतदारसंघ होते. मतदाराला तीन मतं, तिन्ही एकालाच दिली तरी चालत. त्यामुळे शिकागोतून रिपब्लिकन निवडून येत आणि खेड्यापाड्यांतून डेमोक्रॅट. दोन्ही पक्षांना दोन्हीकडच्या लोकांचं ऐकून घ्यावं लागे. एकी हवी असेल तर ती अशी, नियमांतून येते. १९८० मध्ये आमदारांच्या पगारवाढीवर चिडलेल्या लोकांनी सभागृहाचा आकार कापला आणि त्याच फटक्यात ही पद्धतही गेली.

तिसरं : तोवर एकाच उमेदवाराला दोन पक्षांच्या नावाखाली उभं राहायची मुभा. न्यूयॉर्क आणि कनेक्टिकटमध्ये ती आहे. म्हणजे आपलं मत नव्या पक्षाच्या खुणेवर द्यायचं, ते मोजलं जातं मोठ्या उमेदवाराच्या खात्यात, आणि फुकट जात नाही. एकोणिसाव्या शतकात हे सर्रास चालायचं; पीपल्स पार्टीच्या सुमारासच राज्यांनी त्यावर बंदी घालायला सुरुवात केली. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशी बंदी वैध ठरवली, पण सक्तीची केली नाही. राज्यं ती उठवू शकतात.

पसंतीक्रमाचं मतदान, जे आपल्याला विधान परिषदेमुळे ठाऊक आहे, ते मेन आणि अलास्कात आहे. पण २०२४ मध्ये कोलोरॅडो, आयडाहो, नेव्हाडा, ऑरेगन इथल्या मतदारांनी ते नाकारलं. सुधारकांनी हे मनावर घ्यावं. नियमांची सुधारणा नुसती नियमांच्या भाषेत विकली, तर ती शिकलेल्यांची हौस वाटते. म्हणून चौथं कलम पोटाचं.

चौथं : राष्ट्रीय किमान वेतन २००९ पासून ताशी सव्वासात डॉलरवर थांबलंय. ते वाढवून महागाईशी बांधायचं, आणि मेडिकेडची वाढ सर्व राज्यांत. पैसा कुठून, तेही लिहायचं : वरच्या मिळकतीवरच्या करातून. इथे काही लोक पक्ष सोडून जातील. जाऊ द्यावेत.

पाचवं सर्वांत अवघड. बंदूक, स्थलांतर, गर्भपात. यांवर गप्प बसायचा मोह होईल, आणि तोच बाल्टिमोरचा रस्ता. पक्षाने दोन याद्या उघडपणे छापाव्यात. एका यादीत असे प्रश्न, ज्यांवर सदस्याला आपल्या मतदारसंघाप्रमाणे मोकळीक आहे : बंदुकीच्या परवान्याची पद्धत, किती लोकांना दरवर्षी प्रवेश द्यायचा. दुसऱ्या यादीत असे, ज्यांवर मोकळीक नाही : कोणाचं मत, कोणाचं शरीर, कोणाचं नागरिकत्व. कॅन्ससचा निकाल पाहता, ही दुसरी यादी वाटते तितकी तोट्याची नाही. पण तोट्याची असती, तरी ती छापायला हवी होती.

या यादीमुळे पक्ष लहान होईल का? होईल. निवडणूक हरेल का? बहुधा हरेल, पहिल्या काही वेळा. ओमाहाची माणसंही हरली होती.

तेव्हा पुढच्या खेपेला घरचं कोणी फोनवर म्हणालं, की नवा पक्ष निघालाय, सगळ्यांना जोडणार म्हणतोय, तर त्यांना एवढंच विचारा : त्यांच्या कागदावर कोणाला काय सोडावं लागेल, ते लिहिलंय का? लिहिलं असेल, तर पूर्ण वाचा. पटलं नाही तरी वाचा.