‘रंगवर्धक’ : एका विशेषणाची चिकित्सा
शोभेच्या माशांच्या खाद्याविषयी लिहिताना ‘रंगवर्धक आहार’ हा शब्दप्रयोग आपण सहज करतो. समास म्हणून तो निर्दोष आहे. शास्त्रीय संज्ञा म्हणून मात्र तो दिशाभूल करतो. ‘वर्धक’ म्हटले की मुळात असलेले वाढविणारे, असा बोध होतो. वस्तुतः पिवळ्या-तांबड्या छटा देणारी कॅरोटिनॉइड द्रव्ये मासा स्वतः निर्माण करू शकत नाही. ती त्याला शेवाळ, सूक्ष्म कवचधारी जीव इत्यादींतूनच मिळतात. गोल्डफिश झीॲझँथिनचे ॲस्टाझँथिनमध्ये रूपांतर करतो खरा. परंतु मूळ द्रव्य बाहेरूनच यावे लागते. तेव्हा हे वर्धन नव्हे, पुरवठा होय. उलट, निऑन टेट्राची निळी रेघ ही ग्वानिनच्या स्फटिकांवरून परावर्तित होणाऱ्या प्रकाशाची किमया; तिला कोणते रंगद्रव्य चारावयाचे?

त्रिनिदादच्या ओढ्यांतील गप्पी माशाने तर आपला ‘नारिंगी’ हा शब्दही अपुरा ठरविला आहे. त्याच्या ठिपक्यांत आहारातील कॅरोटिनॉइडांबरोबर त्याने स्वतः घडविलेली ड्रोसोप्टेरिनेही असतात, असे ग्रेथर, हडन व एंडलर यांनी २००१ मध्ये दाखविले. डोळ्यांना एकच दिसणाऱ्या ह्या रंगाचे उगम दोन आहेत.

शरीराची वाढ ही आणखी निराळी बाब. पुरेशा प्रथिनांवर मासा झपाट्याने वाढेल, आणि कॅरोटिनॉइडांवाचून फिकाही राहील. प्रयोगवहीत ‘वाढ’ ह्या एकाच रकान्यात वजन आणि रंग कोंबणाऱ्या विद्यार्थ्याला हे कळणार कसे? ‘रंगद्रव्ययुक्त आहार’ हा पर्याय रुक्ष आहे, उच्चारायलाही अवघड. तरी मी तोच पत्करीन.