तीन राजे कोठून आले?

दरवर्षी ६ जानेवारीस दक्षिण गोव्यातील कासावली, कुएली आणि आरोसी या गावांतील तीन मुले राजवेष धारण करून, घोड्यांवर बसून टेकडीवरील रेमेदियस सायबिणीच्या कपेलाकडे जातात. बाळ येशूच्या दर्शनास आलेल्या तीन राजांचा हा उत्सव. बार्देशातील रेईश मागूश आणि सासष्टीतील चांदोर येथेही तो साजरा होतो. परंतु शुभवर्तमान हाती घेऊन हे तीन राजे शोधू गेल्यास ते सापडत नाहीत.

चार शुभवर्तमानांपैकी केवळ मत्तयाने, दुसऱ्या अध्यायात, ही कथा सांगितली आहे. तेथे पूर्वेकडून ‘मागी’ येतात; नक्षत्रे जाणणारे हे परदेशी ज्ञानी. त्यांची संख्या आणि नावे मत्तय देत नाही. राजे तर तो त्यांस म्हणतच नाही. सोने, ऊद आणि गंधरस ही दाने तीन, म्हणून दातेही तीन ठरले. सुरियानी परंपरेत ते बाराही आढळतात. राजपद त्यांना ७२व्या स्तोत्रातील व यशयाच्या ६०व्या अध्यायातील राजांवरून लाभले. गास्पार, मेल्कियोर, बाल्तझार ही नावे सहाव्या शतकाच्या सुमारास दिसू लागतात. नाताळच्या देखाव्यातील गोठाही त्यांचा नाही. मत्तयाचे मागी घरात जातात. गव्हाण आहे ती लूकच्या कथेत.

शास्त्राधार नसलेल्या अशा गोष्टींचे काय करावे, यावरून सोळाव्या शतकात युरोप दुभंगला. सुधारकांनी शास्त्रवचन हेच प्रमाण मानले; ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५४६ मध्ये परंपरेलाही शास्त्राच्या बरोबरीचा मान दिला. वाङ्मयाच्या अभ्यासकाला मात्र वेगळाच प्रश्न पडतो : या भरीमुळे मूळ कथेचे काय झाले?

माझ्या मते येथे हानी झाली आहे. मत्तयाच्या कथेत राजा एकच, हेरोद. आणि तो भयभीत आहे. त्याच्यासमोर सत्ताहीन परके उभे आहेत, यातच प्रसंगाची धार आहे. त्यांच्या मस्तकी मुकुट चढविताच ती बोथट होते. ‘रेईश मागूश’ या पोर्तुगीज नावात राजे आणि मागी शेजारी नांदतात खरे. पण लोकस्मृतीत राजे उरले, मागी लोपले.

तथापि, प्रत्येक भर एकाच मापाने मोजणे अन्यायाचे होईल. पैसे घेऊन दिल्या जाणाऱ्या ज्या पापमुक्तीपत्रांविरुद्ध १५१७ मध्ये मार्टिन ल्यूथर उभा राहिला, त्यांनी श्रद्धेचा बाजार मांडला होता. कासावलीची प्रथा कोणाकडून काही हिरावून घेत नाही. गावातल्या मुलाला ती एक दिवसाचा मुकुट देते. दोन्हींना शास्त्राधार नाही, म्हणून दोन्ही सारख्याच दोषी ठरत नाहीत. मात्र ‘हे शास्त्रातच आहे’ असे सांगणे ही ग्रंथाशी अप्रामाणिकता होय. प्रथेला प्रथा म्हणून मान द्यावा आणि ग्रंथ ग्रंथ म्हणून वाचावा.

त्या अध्यायातील आणखी एक तपशील आधार शोधणाऱ्यांनी विसरू नये. ख्रिस्त बेथलेहेमात जन्मेल, हे वचन यरुशलेमेच्या शास्त्र्यांना ठाऊक होते. हेरोदाला त्यांनी ते अचूक काढून दाखविले. परंतु त्यांच्यापैकी कोणी बेथलेहेमास गेल्याचे मत्तय लिहीत नाही. वाट धरली ती मागींनीच.