दुर्गावतीचं लग्न : एक बाई, दोन गोष्टी

दरवर्षी २४ जूनला माझ्या फोनवर हत्तीवर बसलेली राणी दुर्गावती येते. कुठे हातात तलवार, कुठे धनुष्य, खाली ‘बलिदान दिवस’. गोंड वस्ती असलेल्या आमच्या गोंदिया जिल्ह्यात हे साहजिकच. तिचं गढा-मंडलाचं राज्य इथून उत्तरेला, सातपुडा ओलांडून नर्मदेच्या खोऱ्यात होतं. गोंदियाहून बालाघाट-नैनपूरमार्गे जबलपूरला जाणारी गाडी आपल्याला त्याच मुलखात नेऊन सोडते. १५६४ साली अकबराचा सरदार आसफखान चालून आला आणि त्याच्याशी लढताना ती गेली, एवढं स्टेटस ठेवणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं.

पण तिच्याबद्दल बोलणं सुरू झालं की वाद मरणावरून होत नाही, लग्नावरून होतो. ती चंदेलांची लेक, म्हणून राजपुतांची? की गोंड राजा दलपतशहाची बायको, म्हणून गोंडांची? साडेचारशे वर्षांनंतरही आपण विचारतोय ते इतकंच : ती माहेरची की सासरची?

हा प्रश्न इतका चिवट का, हे समजून घ्यायला मी तिच्या लग्नाच्या दोन जुन्या गोष्टी शेजारी शेजारी ठेवून वाचल्या.

पहिली अबुल फझलची. ‘अकबरनामा’ म्हणजे दरबाराची बाजू, हे लक्षात ठेवूनच तो वाचायचा. त्याच्या मते दुर्गावती ही राठ-महोब्याचा चंदेल राजा शालिवाहन याची मुलगी. (आज सांगतात त्या गोष्टीत वडील कालिंजरचे कीर्तिसिंह असतात. म्हणजे वडिलांच्या नावापासूनच गोष्टी फुटतात.) दलपत काही मोठ्या कुळातला नव्हता, पण पैसेवाला होता, शालिवाहनाचे दिवस फिरले होते, म्हणून नाइलाजानं त्यानं मुलगी दिली, असं अबुल फझल सांगतो. आजच्या भाषेत, स्थळ खालचं पण खातंपितं.

दुसरी गोष्ट विल्यम स्लीमनची. ठगांचा बंदोबस्त करणारा इंग्रज अधिकारी म्हणून आपण त्याला ओळखतो. त्यानं १८३७ साली गढा-मंडलाच्या राजांचा इतिहास छापला. त्यात नाइलाज कुठेच नाही, सगळा सिनेमा आहे. दलपत देखणा, दुर्गावती रूपवान. तिचं लग्न आधीच दुसरीकडे ठरलेलं, शिवाय याची जात कमी, म्हणून मागणी नाकारली जाते. मात्र मुलीचं मन त्याच्यावर बसलेलं. मग तो फौज घेऊन येतो, लढाई जिंकतो आणि तिला सिंगोरगडावर घेऊन जातो.

आपल्याला अर्थातच दुसरी गोष्ट आवडते. मलाही आवडली. पण दोन्ही लागोपाठ वाचल्यावर जाणवतं, की दोघांपुढचा पेच एकच आहे : चंदेलांची मुलगी गोंडांच्या घरी गेलीच कशी? एक म्हणतो, गरिबीमुळे. दुसरा म्हणतो, प्रेमामुळे. गोंडांशी सोयरीक करणं हा शहाणा राजकीय निर्णय असू शकतो, हे उत्तर दोघांच्याही यादीत नाही.

याच राजवंशाची मूळकथाही लग्नाचीच आहे. जादोराय नावाचा बाहेरून आलेला राजपूत गोंड राजाच्या मुलीशी लग्न करतो आणि पुढे गादी मिळवतो. तिथे कुणी सबब शोधत नाही; तो पराक्रम ठरतो. बाहेरच्या पुरुषानं गोंडांची मुलगी केली तर वंशाची सुरुवात, आणि बाहेरच्या मुलीनं गोंड नवरा केला तर खुलासा द्या! आजही आपल्या गावात कोणत्या लग्नाची चर्चा होते आणि कोणत्या लग्नानंतर मुलीशी बोलणं बंद होतं, हे आठवून पाहा. हिशोब तोच आहे.

राजकीय लग्न हा शब्द आपल्याला अपरिचित नाही. मुंबई इंग्रजांना आंदण मिळाली, हे शाळेतच शिकवतात. १६६१ च्या तहानं पोर्तुगालची राजकन्या कॅथरीन ऑफ ब्रगांझा इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सला द्यायचं ठरलं, १६६२ मध्ये लग्न झालं, आणि १६६८ मध्ये राजानं मुंबई वर्षाला दहा पौंडांच्या भाड्यानं ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली. तिथे आपण प्रेम शोधत नाही. तह म्हणूनच ते लग्न वाचतो. पण कॅथरीन म्हणजे मुंबई, एवढ्यावरच थांबतो. हीच बाई पुढे विधवा होऊन मायदेशी परतली आणि भाऊ आजारी असताना तिनं पोर्तुगालचा कारभार पाहिला, हे कितींना ठाऊक असतं? ती आंदणापुरती उरली, आपली दुर्गावती मरणापुरती.

मधली वर्षं गेली कुठे? गंमत म्हणजे ती शत्रूच्याच पुस्तकात आहेत. अबुल फझल सांगतो, की दलपत वारला तेव्हा मुलगा वीरनारायण पाच वर्षांचा होता. त्याच्या नावानं दुर्गावतीनं, आधार कायस्थ आणि मान ब्राह्मण यांच्या सल्ल्यानं, राज्य चालवलं. बंदूक आणि बाण दोन्हींत ती तरबेज होती. वाघ दिसल्याची खबर आली की त्याला मारेपर्यंत पाणी पीत नसे. तो तिला गर्विष्ठही म्हणतो, पण तिची कर्तबगारी त्याला लपवता येत नाही.

मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो शेवटच्या लढाईतला एक प्रसंग. पहिल्या चकमकीत तिची सरशी झाली. तिनं सरदारांना विचारलं, आज रात्रीच छापा घालायचा का? नाहीतर सकाळी आसफखान स्वतः तोफा घेऊन खिंड अडवील. सरदार तयार झाले नाहीत. सकाळी तसंच घडलं. हा प्रसंग बलिदानाच्या चित्रात बसत नाही, कारण त्यात ती मरायला निघालेली नाही. ती जिंकायचा हिशोब मांडते आहे, आणि तिचं ऐकलं जात नाही. मुलाच्या नावानं कारभार पाहणाऱ्या बाईच्या शब्दाला शेवटच्या रात्री किती वजन होतं, हे इथं कळतं.

म्हणून माहेरची की सासरची, या वादात मला गोंडांची बाजू जवळची वाटते, पण कारण वेगळं आहे. ती तिथे दिली गेली म्हणून नव्हे. नवरा गेल्यावर माहेरच्या आश्रयाला न जाता तिनं तिथंच राहून राज्य केलं, म्हणून. लग्न कदाचित इतरांनी ठरवलं असेल. पुढची दीडेक दशकं तिची स्वतःची होती. जबलपूरचा राणीताल तिच्या नावानं ओळखला जातो, शेजारचा चेरीताल तिच्या दासीच्या आणि आधारताल दिवाण आधारच्या. राज्य चालवणाऱ्या बाईची आठवण अशीही असू शकते : तलवार नाही, पाणी.

आणि स्टेटस ठेवताना अबुल फझलचं आणखी एक पान वाचावं. दुर्गावतीनंतर चौरागड पडला, वीरनारायण मारला गेला, गडावर जौहर झाला. आगीतून दोघी वाचल्या. एक दुर्गावतीची बहीण कमलावती. दुसरी वीरनारायणासाठी ठरलेली नवरी. दोघींना अकबराच्या दरबारी पाठवण्यात आलं. म्हणजे ज्या राज्याची एक सोयरीक आपण इतकी वर्षं चघळतो, त्याची पुढची सोयरीकही ठरलेली होती. ती मोडली आणि मुलगी लुटीच्या यादीत गेली. अबुल फझल तिला फक्त पुरागढच्या राजाची मुलगी म्हणतो.