बिंगोच्या चौकोनात न मावणाऱ्या लेखिका

शाळेत ऑफ तास मिळाला की वहीच्या मागच्या पानावर आम्ही बिंगो खेळायचो. पाच आडवे, पाच उभे असे पंचवीस चौकोन आखायचे, त्यात १ ते २५ आकडे मनाला येतील तसे भरायचे आणि एकेक आकडा पुकारत खोडत जायचं. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी हा खेळ खेळलेला असणार. त्यातली एक गोष्ट तेव्हा लक्षात आली नव्हती: कुठला आकडा कुठे बसवायचा हे ज्याचं त्याने ठरवायचं असतं.

वाचनाच्या बिंगोत तसं नसतं. तिथे चौकोन आधीच भरून येतात. यंदा जानेवारीत हिंगोलीतल्या आम्ही पाच संशोधक विद्यार्थ्यांनी ‘फक्त लेखिका’ असा बिंगो घ्यायचं ठरवलं. एका मैत्रिणीने इंग्रजी तक्त्यांवरून मराठी तक्ता तयार केला. आत्मचरित्र, कवितासंग्रह, पुरस्कारप्राप्त पुस्तक, अनुवाद, पन्नास वर्षांपूर्वीचं पुस्तक, दलित लेखिका, आपल्या जिल्ह्यातली लेखिका, असे चोवीस चौकोन. मधला मोकळा.

‘फक्त लेखिकाच कशाला?’ हा प्रश्न पहिल्याच दिवशी आला. त्याला माझं उत्तर साधं आहे. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाची सुरुवात १८७८ ची. पहिल्या महिला अध्यक्ष कुसुमावती देशपांडे झाल्या १९६१ मध्ये, ग्वाल्हेरला. त्यानंतर दुर्गा भागवत, शांता शेळके, विजया राजाध्यक्ष, अरुणा ढेरे आणि २०२५ मध्ये दिल्लीला तारा भवाळकर. ९८ संमेलनांत सहा. आपण ‘सहज’ वाचत गेलो तर काय वाचू, याचा अंदाज यावरून येतो. मुद्दाम वाचण्याची गरज आहे. प्रश्न आहे तो मुद्दाम कसं वाचायचं याचा.

माझ्यासाठी हा प्रश्न नुसता हौसेचा नव्हता. गेल्या वर्षी मी संशोधन आराखडा मांडला. विषय होता मराठी स्त्रियांच्या आत्मकथनांतलं घर. समितीतल्या एका सरांनी विचारलं, “हीच बारा पुस्तकं का?” मी म्हणाले, “सर, ही महत्त्वाची आहेत.” “कोणी ठरवलं?” मी गप्प. खरं उत्तर असं होतं की ती बारा पुस्तकं मला सहज मिळाली होती. आराखडा दुरुस्तीसाठी परत आला, सहा महिने गेले. तेव्हा बिंगोचा तक्ता हातात आला तसा मला वाटलं, हेच तर उत्तर आहे! चौकोन ठरलेले, प्रत्येक प्रकारातलं एक पुस्तक, झाला समतोल नमुना.

तसं होत नाही. का होत नाही, तेच सांगते.

चार पुस्तकांत जिंकता येतं

पाच बाय पाचच्या तक्त्यात बारा ओळी होतात: पाच आडव्या, पाच उभ्या, दोन तिरक्या. त्यातल्या चार ओळी मधल्या मोकळ्या चौकोनातून जातात. म्हणजे चारच पुस्तकं वाचली की एक ओळ पूर्ण. मार्चमध्येच माझी ओळ झाली. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’, इरावती कर्वे यांचं ‘युगान्त’, अनुराधा पाटील यांचा ‘कदाचित अजूनही’ आणि सोनाली नवांगुळ यांनी केलेला सलमा यांच्या तमिळ कादंबरीचा अनुवाद ‘मध्यरात्रीनंतरचे तास’. चारही पुस्तकं वाचलीच पाहिजेत अशी. पण यातलं एकही मला शोधावं लागलं नव्हतं. ज्या चौकोनांसाठी शोधाशोध करावी लागली असती, ते सगळे कडेला तसेच पडून होते.

संशोधनाच्या भाषेत सांगायचं तर बिंगो हा कोटा नमुना आहे. प्रत्येक गटातून ठरावीक संख्या घ्यायची. त्याचा दोष पद्धतिशास्त्राच्या पुस्तकात असतोच, मला तो इथे दिसला: गट ठरलेले असले, तरी गटाच्या आत आपण हाताशी येईल तेच उचलतो. वरून कोटा, आतून सोयीचा नमुना.

तारीख कुठली धरायची?

‘पन्नास वर्षांपूर्वीचं पुस्तक’ या चौकोनात मी बेबी कांबळे यांचं ‘जिणं आमचं’ लिहिणार होते. मैत्रिणीने हरकत घेतली. पुस्तक १९८६ चं, म्हणजे पन्नास वर्षं झालेली नाहीत. नियमाने तिचं बरोबर. पण बेबीताईंनी लिहिलेली पानं वीसेक वर्षं घरात लपवून ठेवली होती, नवऱ्याच्या आणि घरच्यांच्या नजरेला पडू नयेत म्हणून. मग ती ‘स्त्री’ मासिकात आली आणि त्यानंतर पुस्तक झालं. आता सांगा, हे पुस्तक कुठल्या दशकाचं?

ताराबाई शिंदे यांच्या ‘स्त्रीपुरुष तुलना’चं उलट. बुलढाण्याच्या ताराबाईंनी हा निबंध १८८२ मध्ये छापला. नंतर तो जवळजवळ विस्मरणात गेला आणि १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी पुन्हा छापला तेव्हा लोकांच्या हाती आला. मधली नव्वदेक वर्षं पुस्तक होतं, वाचक नव्हते. बहिणाबाई चौधरी यांचं तर पुस्तकच त्या गेल्यावर, १९५२ मध्ये निघालं. मुलगा सोपानदेव आणि घरातल्या एका नातेवाइकाने गाणी लिहून ठेवली म्हणून.

पुरुष लेखकाच्या बाबतीतही लेखन आणि प्रकाशन यांत अंतर पडतं, नाही असं नाही. पण इथे ते अंतर अपघाताने पडलेलं नाही. पानं लपवावी लागणं, पुस्तक विसरलं जाणं, दुसऱ्याने लिहून ठेवणं, हा बाईच्या लेखनाचा इतिहासच आहे. प्रकाशनाच्या सालावर आखलेला चौकोन नेमका तोच पुसून टाकतो. म्हणून यादी करताना लिहिलं कधी, पहिल्यांदा छापलं कधी आणि वाचकांपर्यंत पोचलं कधी, असे तीन रकाने ठेवा.

एका चौकोनात किती जणी कोंबायच्या?

‘दलित लेखिका’ हा एकच चौकोन होता. मी ऊर्मिला पवार यांचं ‘आयदान’ (२००३) वाचलं, खूण केली, पुढे गेले. दोन महिन्यांनी ‘जिणं आमचं’ वाचताना स्वतःचीच लाज वाटली, कारण ही दोन पुस्तकं एकमेकींची जागा घेऊच शकत नाहीत.

बेबी कांबळे लिहितात ते प्रामुख्याने ‘आम्ही’ म्हणून. महारवाडा, तिथली भूक, अंगात येणं, सासुरवास आणि बाबासाहेबांमुळे आलेली जाग. स्वतःचा संसार त्या जवळजवळ बाजूला ठेवतात. स्वतःला सोसावी लागलेली मारहाण त्यांनी पुस्तकात न मांडता नंतर मुलाखतीत सांगितली. ऊर्मिला पवार कोकणातल्या. आयदान म्हणजे बांबूची विणलेली सुपं, टोपल्या. आई ती विणायची, मुलगी त्याच विणीने लिहिते. पण तिच्या लिहिण्यात ‘मी’ आहे. लग्न, शरीर, नोकरी, नवऱ्याचा हेवा, चळवळीत बाई म्हणून मिळालेली वागणूक, सगळं उघड. एकीचं मौन आणि दुसरीचं बोलणं शेजारी ठेवल्यावरच कळतं की सतरा वर्षांत काय सांगता येण्यासारखं झालं होतं. माझ्या ‘घर’ या विषयाचा गाभा तिथे होता आणि चौकोनाने मला एकावरच थांबवलं होतं.

शर्मिला रेगे यांनी ‘रायटिंग कास्ट, रायटिंग जेंडर’ (२००६) मध्ये दलित स्त्रियांची आत्मकथनं एकत्र ठेवून वाचली, ती यासाठीच महत्त्वाची. शांताबाई कांबळे, मुक्ता सर्वगोड, कुमुद पावडे अशी रांग लावल्यावर ‘दलित लेखिका’ हा एक आवाज नाही हे दिसतं. तक्त्यात मात्र ‘प्रवासवर्णन’ला एक चौकोन आणि या सगळ्या जणींना मिळून एक. असा चौकोन जागा देतो आणि त्याच वेळी कुंपणही घालतो.

आपल्या जिल्ह्यातली लेखिका

हा चौकोन आमच्यापैकी पाचही जणांचा रिकामा होता. ग्रंथालयाच्या नोंदींत ‘हिंगोली’ शोधत आम्ही दोन दिवस घालवले आणि मग डोक्यात प्रकाश पडला. हिंगोली जिल्हा झाला १ मे १९९९ ला. त्याआधी हे सगळं परभणी जिल्ह्यात. १९५६ पर्यंत हैदराबाद राज्य आणि १९४८ पर्यंत निजामाचं राज्य. वसमत किंवा कळमनुरीत १९५० साली जन्मलेल्या बाईच्या नोंदीत ‘हिंगोली जिल्हा’ सापडेलच कसा? जागेचं नाव शोधताना त्या काळातलं नाव शोधायचं असतं. पुस्तकात वाचलेलं होतं, पण दोन दिवस वाया गेल्यावर पटलं.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर. निजामाच्या राज्यात वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू होती, मराठवाड्याला स्वतःचं विद्यापीठ मिळालं १९५८ मध्ये. रमाबाई रानडे यांचं आत्मकथन पुण्यातल्या वातावरणात १९१० मध्ये छापून येतं, तेव्हा इकडच्या बाईकडे शाळा आणि छापखाना, दोन्ही नव्हतं. नांदेडला जन्मलेल्या कविता महाजन यांची ‘ब्र’ येते २००५ मध्ये. ग्रामपंचायतीतल्या बायकांनी तोंड उघडण्याची ती गोष्ट आहे, हे मला या संदर्भात जास्तच जाणवलं.

मग त्याआधी आपल्याकडच्या बायका गप्प होत्या का? गंगाखेडची जनाबाई इथून लांब नाही आणि ज्या नामदेवांच्या घरी ती राहिली त्यांचं गाव म्हणून नर्सी आपल्याच जिल्ह्यात आहे. तिचे अभंग आपल्याला मिळतात ते बहुतेक नामदेवांच्या गाथेसोबत. त्यातले किती तिचे, किती नंतर तिच्या मुद्रेने गायलेल्यांचे, हे नुसत्या नाममुद्रेवरून ठरत नाही. क्रिश्चन नोव्हेत्झके यांनी नामदेवांवरच्या पुस्तकात (२००८) दाखवलं आहे की कीर्तनाच्या परंपरेत एका नावामागे अनेक जण असू शकतात. बिंगोच्या चौकोनात मात्र एक नाव लागतं.

शेवटी मी सेनगाव तालुक्यातल्या माझ्या आत्याकडे गेले. म्हटलं, “आत्या, जात्यावरच्या ओव्या सांग ना.” ती म्हणाली, “जातंच ऱ्हायलं नाही माय, ववी कुठून येईल?” बसल्या बसल्या चार आठवल्या. मी लिहून घेतल्या आणि विचारलं, “तुझ्या आहेत ना?” “माझ्या कशाच्या? सासू म्हनायची. तिला तिच्या आईनं दिल्या असतील.” गी प्वातव्हँ आणि हेमा राईरकर यांनी गावोगाव फिरून लाखाच्या वर ओव्या गोळा केल्या, त्यात गाणारीचं नाव आणि गाव नोंदवलं, हे केवढं काम आहे ते मला त्या दिवशी समजलं. माझ्या चौकोनात मी आत्याचं नाव लिहिलं नाही. ‘म्हणणारी, तिची सासू, सासूची आई’ असं लिहिलं. नियमाने ते बाद झालं.

तर बिंगो खेळावा का?

जरूर खेळा. आमच्या एका मित्राने गेल्या पाच वर्षांत एकाही बाईचं पुस्तक वाचलं नव्हतं, त्याने सात वाचली. एवढ्यासाठी हा तक्ता सोन्याचा. वाचनाची सवय लावायला याहून सोपी युक्ती मला माहीत नाही. पण त्याला नमुना समजू नका. भरलेल्या चौकोनांनी मला पुस्तकं दिली. अडलेल्या चौकोनांनी मला संशोधनाचे प्रश्न दिले. तेव्हा तक्ता घेतलात तर एक करा: सोपी ओळ सोडा, जो चौकोन भरत नाही तिथून सुरुवात करा आणि तो का भरत नाही हे वहीत लिहीत जा. पुस्तक नाही म्हणून, मिळत नाही म्हणून, की चौकोनच चुकीचा आखलाय म्हणून? तीन उत्तरांचे तीन वेगळे रस्ते आहेत.

माझ्या दुरुस्त आराखड्यात आता बाराऐवजी नऊ पुस्तकं आहेत. प्रत्येकापुढे निवडीचं कारण आहे. शिवाय जी घेतली नाहीत ती का घेतली नाहीत, याचं एक पूर्ण पान आहे. पुढच्या महिन्यात समितीपुढे जायचंय. सर पुन्हा विचारतील, “हीच का?” या वेळी मी आधी ते पान उघडणार आहे.