‘अस्थी’, ‘हाड’ आणि ‘आढळले नाही’

मानवी हाडातून विषादरोधक औषधांचा शोध घेणे हे न्यायवैद्यक विषशास्त्राचे तुलनेने नवे क्षेत्र होय. त्याविषयी लिहिताना ‘हाडे बोलतात’ असे म्हणण्याचा मोह अनेकांस होतो. वस्तुतः हाडे बोलत नाहीत. बोलतो तो अहवाल. अंबरनाथच्या शिवालयातील शिलालेखाचा शक आरंभी ७८२ वाचला गेला व पुढे ९८२ ठरला. दगड तोच होता, वाचन बदलले.

अंबरनाथ, बदलापूर व उल्हासनगर या पट्ट्यात हा प्रश्न केवळ ग्रंथगत नाही. उल्हास नदीचे पात्र, वालधुनीचा काठ, भोवतालचे झाडीचे उतार अशा ठिकाणी दमट उष्म्यात उघड्यावर पडलेल्या देहाचे रक्त आणि व्हिसेरा फार काळ टिकत नाहीत. व्हिसेरा राखून न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेकडे धाडण्याची नेहमीची वाट मग खुंटते व हाड तेवढे उरते. अशा वेळी पंचनाम्यात ‘अस्थी’ हा शब्द भारदस्त म्हणून येऊ नये. मराठी माणसाच्या मनात अस्थी म्हणजे चितेतून वेचलेल्या, पाण्यात सोडावयाच्या. पूर्ण जळलेल्या हाडात सेंद्रिय द्रव्यच उरत नाही, मग औषध कोठून उरणार? प्रयोगशाळेस हवे ते न जळलेले हाड. तेही मांडीचे, बरगडीचे की मणक्याचे, ही नोंद असलेले. कॅनडातील लॉरेन्शियन विद्यापीठात जेम्स वॉटरसन व त्यांचे सहकारी यांनी प्राण्यांच्या सांगाड्यांवर केलेल्या प्रयोगांत, एकाच सांगाड्याच्या निरनिराळ्या हाडांत औषधाचे प्रमाण भिन्न निघाले. हाडालगतची मातीही वेगळी बांधून पाठवावयास हवी. वालधुनीसारख्या कारखानी सांडपाणी वाहणाऱ्या नदीकाठी तर अवश्य.

‘विषादरोधक’ ही संज्ञाही निर्धोक नाही. ‘विषाद’ शब्दाचा ‘विष’ शब्दाशी व्युत्पत्तीने संबंध नाही. तो ‘सद्’ धातूचा. पण विषशास्त्राच्या अहवालात कान फसतो, आणि वैद्याने लिहून दिलेली गोळी विषाच्या रांगेत जाऊन बसते. ‘नैराश्यरोधक’ हा शब्द येथे अधिक सुरक्षित. ॲमिट्रिप्टिलिनचे शरीरात नॉरट्रिप्टिलिन बनते. दोन्ही सापडल्यास मूळ औषध जिवंत देहातून गेल्याचा तर्क बळावतो. मात्र नॉरट्रिप्टिलिन स्वतंत्र औषध म्हणूनही दिले जाते, हे विसरता येत नाही.

खरा घोटाळा क्रियापदात आहे. ‘औषध आढळले’ एवढ्यावरून ते रोजच्या उपचाराचे होते की एका रात्री घेतलेले, हे ठरत नाही. रक्तातील घातक प्रमाणाचे आकडे हाडास जसेच्या तसे लावता येत नाहीत. ‘आढळले नाही’ याचे वाचन तर सर्रास ‘नव्हते’ असे होते. ‘आढळणे’ या क्रियापदाचा कर्ता सापडलेली वस्तू असते. शोधणारा चतुर्थीत जातो किंवा गळतो, आणि त्याच्याबरोबर त्याची पद्धत व तिची मर्यादाही गळते. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ च्या कलम ३२९ अन्वये सरकारी वैज्ञानिक तज्ज्ञाचा अहवाल, तज्ज्ञास साक्षीस न बोलावताही, पुराव्यात घेता येतो. म्हणजे ते वाक्य न्यायालयात पुष्कळदा एकटेच उभे राहणार. सबब ते असे असावे: ‘डाव्या मांडीच्या हाडाच्या चूर्णात, अमुक पद्धतीने, अमुक मर्यादेपर्यंत शोध घेतला असता ॲमिट्रिप्टिलिन आढळले नाही, त्यावरून ते घेतले नव्हते असे म्हणता येत नाही.’