विहारातलं मौन आणि आपली कविता

हल्ली आपल्या पोरांच्या कवितेत एक विहार सारखा येतो. दुपारची वेळ. विहारात कोणी नाही. कवी एकटाच येतो, चपला बाहेर काढतो, तथागताच्या मूर्तीपुढे बसतो. त्याला आतून काहीतरी टोचत असतं. शहरात नोकरी लागली, कॉलनीत जात सांगितली नाही, आडनाव बदललं. मायबाप गावात लोकांच्या सोयाबीनात निंदत राहिले. वस्तीवर हल्ला झाला तेव्हा हा ऑफिसात होता. सगळं दाटून येतं. डोळे भरतात. मूर्ती शांत असते. कवीला हलकं वाटतं आणि कविता संपते.

वाशिम, रिसोड, मंगरूळपीर, कारंजा, जिथं जिथं कवितावाचनाला गेलो तिथं अशी कविता मी ऐकली. टाळ्या पडतात. मी दाल मिलमध्ये पाळी करणारा माणूस. कॉलेजचं तोंड पाह्यलं नाही, समीक्षेची भाषा मला येत नाही. पण एक प्रश्न विचारतो. कवीला हलकं वाटलं, ठीक. त्या निंदणाऱ्या मायला काय वाटलं? तिला कोणी सांगितलं काय, की बाई, तुझ्यासाठी एक माणूस विहारात रडून गेला?

कवी खोटा आहे असं मी म्हणत नाही. टोचणी खरी आहे. ज्याला टोचतच नाही तो तर आपल्यातून गेलाच. माझं भांडण टोचणीशी नाही, ती जिथं नेऊन विझवली जाते त्या जागेशी आहे.

पहिली गोष्ट, बुद्धापुढे माफी कसली मागता? 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' (१९५७) या ग्रंथात बाबासाहेबांनी सांगून ठेवलं आहे की बुद्ध मार्गदाता आहे, मोक्षदाता नाही. जो मोक्ष देत नाही तो माफी कुठून देणार? म्हणजे आपल्या कवीने मूर्ती बदलली, गाभारा तोच ठेवला.

हा गाभारा जुना आहे. चौदाव्या शतकात चोखोबा पंढरीच्या दाराबाहेर उभा होता. त्याच्या नावावरच्या एका अभंगात महाराचा जन्म का मिळाला याचं कारण दिलं आहे : मागच्या जन्मी कृष्णनिंदा घडली म्हणून. बघा काय उलटा न्याय! दार लावलं आतल्यांनी आणि अपराधी वाटतंय बाहेरच्याला. चोखोबाला मी दोष देत नाही. बाबासाहेबांनी 'द अनटचेबल्स' (१९४८) हा ग्रंथ नंदनार आणि रविदास यांच्याबरोबर चोखामेळ्याच्या स्मृतीला अर्पण केला, तो उगाच नाही. पण १४ ऑक्टोबर १९५६ ला आपण ती पायरी सोडली. मग आपल्या कवितेत पायाशी पडून रडणं परत काहून आलं?

आता आपल्या मातीकडं बघा. वाशिम म्हणजे जुनं वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. पाचव्या शतकात इथला राजा हरिषेण, त्याचा मंत्री वराहदेव. या वराहदेवानं अजिंठ्याचं सोळा नंबरचं लेणं भिक्षुसंघाला दान दिलं, तसा लेख तिथं कोरलेला आहे. त्या लेण्याची रचना ध्यानात घ्या. भिंतींत लहान लहान खोल्या आणि मधे मोठं दालन. खोलीत एकांत आहे, पण खोलीचं दार दालनात उघडतं. एकट्यानं विचार करा आणि मग बाहेर चौघांत या, असं तो दगड सांगतो.

चौघांत येऊन काय करायचं? तर उपोसथ. पंधरवड्यातून एकदा संघ जमायचा, नियम मोठ्यानं म्हटले जायचे, ज्याच्या हातून काही घडलं असेल त्यानं सांगायचं. प्रत्येक भागानंतर तीन वेळा विचारलं जायचं : तुम्ही शुद्ध आहात काय? गप्प राहिलात तर शुद्ध धरलं जायचं. आणि आठवत असूनही जो गप्प राहिला, त्याच्यावर जाणूनबुजून खोटं बोलल्याचा ठपका. दोस्तहो, हे नीट वाचा. आपला कवी ज्या मौनाला पवित्र म्हणतो, त्याला विनय खोटं बोलणं म्हणतो!

एवढंच नाही. महावग्गात गोष्ट आहे. कोसल देशातल्या काही भिक्षूंनी अख्खा वर्षावास एकमेकांशी न बोलता काढला आणि मोठ्या आनंदानं तथागताला येऊन सांगितलं. त्यांना शाबासकी मिळाली नाही. हे जनावरांसारखं राहणं झालं, असं तथागत म्हणाले. मूकव्रत बंद केलं आणि पवारणा लावून दिली. वर्षावास संपला की प्रत्येकानं संघापुढं हात जोडून म्हणायचं, माझं काही पाहिलं असेल, ऐकलं असेल, शंका आली असेल, तर सांगा. अंगुलीमालसुद्धा विहारात तोंड लपवून बसला नाही. ज्या लोकांत खून केले त्याच लोकांत भिक्षापात्र घेऊन गेला. दगड खाल्ले, डोकं फुटलं. सहन कर, असं तथागतानं सांगितलं.

आपल्या साहित्यात हे नाही असं नाही. बाबुराव बागुलांची 'जेव्हा मी जात चोरली होती' (१९६३) वाचा. तिथंही जात लपवणारा माणूस आहे. पण त्याला बागुल कुठल्या मूर्तीपुढं नेऊन बसवत नाहीत. भोवती माणसं आहेत, काम आहे, शेवटी मार आहे. गोष्ट माणसांत उघडी पडते, म्हणून ती आपल्याला आजही झोपू देत नाही. विहारातली कविता झोप लावते. हाच फरक.

आमच्या मिलमध्ये तुरीतला खडा चाळणीवर पडला तरच दिसतो. पोत्यातच राहिला तर खाणाऱ्याच्या दाताखाली जातो. टोचणीचंही तसंच आहे.

तेव्हा विहारात जरूर बसा, एकटे बसा. पण कविता तिथं संपवू नका, तिथून सुरू करा. कवी उठला, चपला घातल्या, वस्तीत गेला, मायपुढं बसला आणि म्हणाला की मी तुझं नाव लपवलं, इथून पुढं लिहा. माय काय बोलली ते लिहा. ती बोललीच नाही, तर तेही लिहा. आणि येत्या पौर्णिमेला ती कविता वस्तीच्या विहारात, निंदून थकून आलेल्या बायांपुढं वाचा. टाळ्या पडतील की नाही, माहीत नाही. पण त्या बाया ऐकून जे बोलतील ती आपली खरी समीक्षा.

जयभीम.